आपण चालतो कसे? सोलापूरच्या दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा फिजिओथेरपीचा दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात आहे, यंत्रमागांच्या खडखडाटात. लोक गुडघा, कंबर, खुबा, लकवा असं काहीतरी घेऊन येतात, पण व्यायाम चालू असताना गप्पांत विचारतात ते चालण्याबद्दलच. तेच प्रश्न मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये इतक्यांदा ऐकले की शेवटी उत्तरं लिहून काढली. क्रम फार शास्त्रशुद्ध नाही. जसे आठवले तसे घेतले आहेत.

चालणं म्हणजे एक पाय पुढे, मग दुसरा. त्यात समजून घेण्यासारखं काय आहे?

चालणं म्हणजे पडणं, आणि पडता पडता सावरणं. पाऊल टाकताना अंग पुढे झुकतं, पडायच्या आत पुढचा पाय खाली येतो, आणि त्या टेकलेल्या पायावरून सगळं धड कमानीवरून जावं तसं वर चढून पलीकडे उतरतं. घड्याळाचा लंबक वर टांगलेला असतो आणि खाली झुलतो. इथे तो उलटा: टेकू खाली, वजन वर. संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीवर पडलेली चालणाऱ्याची सावली पाहा. डोकं सरळ रेषेत जात नाही, प्रत्येक पावलाला ४-५ सेंटिमीटर वर-खाली होत जातं.

ही वर-खाली वाया जात नाही. सायकल छोट्या चढावर मंदावते आणि उतारावर तोच वेग परत मिळतो, तसंच हे. आरामशीर चालीत धड उचलायला आणि पुढे ढकलायला जी यांत्रिक ऊर्जा लागली असती, त्यातली ६० ते ७० टक्के अशा देवाणघेवाणीतून वाचते. म्हणूनच माणूस दिवसभर चालू शकतो आणि पंढरीपर्यंत पायी पोचतो.

एका पायाचा हिशेब मांडला, तर टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतच्या वेळात तो साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. दोन पायांचा हिशेब जुळवला की दोन्ही एकदम जमिनीवर असण्याचे दोन छोटे तुकडे निघतात, मिळून २० टक्के. पळताना हे तुकडे गायब होतात आणि उलट दोन्ही पाय हवेत असण्याचा क्षण येतो. वय वाढलं, भीती बसली की हेच तुकडे लांबतात. आजोबा ‘जपून’ चालतात म्हणजे काय, तर दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा वेळ वाढवतात.

नंदीध्वज धरणारे एवढी उंच काठी घेऊन चालतात कसे?

हा प्रश्न दर जानेवारीत येतो, आणि मला फार आवडतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे देवाच्या उंच मानाच्या काठ्या, निघतात; बाराबंदी हा पांढरा पारंपरिक पोशाख घातलेले भक्त त्या पेलत गर्दीतून चालतात. पाहणाऱ्याला वाटतं, एवढ्या उंच काठीचा तोल सांभाळणं अवघड. उंचीपुरतं बोलायचं तर खरं नेमकं उलटं आहे.

घरी करून पाहा. तळहातावर पेन्सिल उभी करा. सावरायच्या आत पडते. आता वेळूची लांब काठी उभी करा. बराच वेळ राहते. उभी वस्तू पडायला लागणारा वेळ तिच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. चौपट उंच काठी पडायला दुप्पट वेळ घेते, आणि तेवढा जादा वेळ हाताला आणि मज्जातंतूंना सावरायला मिळतो. काठी उभी करताना नजर हातावर नाही, टोकावर ठेवा. टोकच सर्वांत जास्त हलतं, म्हणून कल तिथेच आधी दिसतो.

मात्र नंदीध्वज जड असतो, आणि धरणारा स्वतःही एक उलटा लंबकच आहे. त्याच्या शरीराचं गुरुत्वमध्य बेंबीच्या जरा खाली, जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर असतं. म्हणजे एकावर एक दोन लंबक, आणि दोन्ही सावरायला पाऊल एकच. पुढच्या वेळी काठीकडे पाहून झालं की धरणाऱ्याच्या पायांकडे पाहा: पावलं आखूड, दोन पायांतलं अंतर जास्त, गुडघे किंचित वाकलेले. धड उसळू नये म्हणून नेहमीच्या चालीतली ती वर-खाली जवळजवळ मोडून टाकलेली असते. अशा चालीला ऊर्जा जास्त लागते, पण तोल राहतो.

सराव काही आठवडे आधीच सुरू होतो. तो दंडासाठी असतो तेवढाच तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूसाठीही असतो. काठी कलल्यावर सावरणं कुणालाही सुचतं. कलणार हे आधीच ओळखून पाय सरकवणं सरावानेच येतं.

मग प्रत्येक पाऊल मेंदू ठरवतो का?

नाही, आणि ठरवायला बसला तर आपण नवी पेठेत पोचायच्या आधीच दहा वेळा पडू. हिशेब करा. नेहमीच्या चालीत पाय हवेत असतो सुमारे ०.४ सेकंद. एखादी गोष्ट दिसून, कळून, ठरवून हालचाल करायला माणसाला ०.२ सेकंद सहज लागतात. म्हणजे अर्धं पाऊल विचारातच संपलं.

हे काम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे आहे. १९११ साली थॉमस ग्रॅहम ब्राऊन या शास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग केला. मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनाही तोडल्या, तरीही मागच्या पायाचे स्नायू आळीपाळीने, चालीच्या तालात आकसत राहिले. ताल बाहेरून येत नव्हता, मज्जारज्जूतच तयार होत होता. त्या काळी चालणं म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी, असं मानणाऱ्यांचं वजन होतं. म्हणून ब्राऊनच्या म्हणण्याकडे कित्येक वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे १९६६ मध्ये मॉस्कोतल्या संशोधकांनी मांजराच्या मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या भागात, एक जागा शोधली. तिथे बारीकसा वीजप्रवाह दिला की मांजर चालू लागायचं, प्रवाह वाढवला की दुडकी, आणखी वाढवला की धावणं. कोणता पाय कधी उचलायचा हे वरून सांगावंच लागलं नाही. वरून फक्त ‘किती जोरात’ एवढाच निरोप गेला.

यंत्रमाग पाहणाऱ्याला हे पटकन कळतं. कामगार प्रत्येक धोटा हाताने फेकत नाही. तो माग चालू करतो, वेग पाहतो, धागा तुटला की धावतो. बाकीचं माग करतो. मेंदू म्हणजे तो कामगार.

माणसात वरच्या मेंदूचा वाटा मांजरापेक्षा बराच जास्त आहे. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला माणूस आपोआप चालू लागत नाही. पण अशा माणसांच्या कमरेजवळच्या मज्जारज्जूला विजेचे झटके दिले की पायांत पावलांसारखी हालचाल उमटते. २०१८ साली तर मज्जारज्जूवर बसवलेलं यंत्र आणि महिनोन्‌महिने सराव यांच्या जोरावर लुळे पडलेले काही रुग्ण आधार घेऊन चालले.

एक पाऊल सावकाश दाखवा. कोणता स्नायू कधी काम करतो?

टाच टेकते. पंजा धपकन आपटायला नको म्हणून नडगीच्या पुढचा स्नायू तो दोरीने बादली सोडावी तसा हळूहळू खाली सोडतो. गुडघा किंचित वाकतो, मांडीचा पुढचा स्नायू धक्का झेलतो. आता एकाच पायावर सगळं शरीर. दुसऱ्या बाजूला कंबर खचायला हवी, पण टेकलेल्या पायाच्या कुल्ल्याचा बाजूचा स्नायू ती ओढून धरतो. धड पायावरून पुढे सरकतं, पोटरी ताणली जाते, टाचेची जाड शीर रबरासारखी ऊर्जा साठवते, आणि टाच उचलताना ती एकदम सुटते. चालीतला सर्वांत मोठा रेटा हाच, घोट्याचा. लोक मांड्यांचे व्यायाम करत बसतात आणि पोटरी विसरतात.

मग पाय हवेत. इथे गंमत आहे: गुडघ्याखालचा भाग बराचसा नुसता झुलतो. जर्मनीतल्या वेबर बंधूंनी १८३६ मध्येच म्हटलं होतं की झुलणारा पाय लंबकासारखा आहे. सगळं काही लंबकावर चालत नाही हे नंतर दिसलं, पण कल्पनेत दम होता. १९९० मध्ये टॅड मॅकगीर या अभियंत्याने मोटार नसलेले, कसलंही नियंत्रण नसलेले यांत्रिक पाय हलक्या उतारावर सोडले आणि ते माणसासारखे चालत खाली गेले. मेंदू नाही, स्नायू नाही, नुसती पायांची घडण बरोबर.

शेवटी मांडीचा मागचा स्नायू झुलत्या पायाला लगाम घालतो, आणि पुन्हा टाच.

सपाट रस्त्यावरही ठेच लागते. नीट पाहून चालते तरी.

कारण झुलताना पायाचा अंगठा जमिनीपासून जेमतेम दीड सेंटिमीटरभर वरून जातो. त्याहून जास्त उचलणं म्हणजे विनाकारण खर्च. मग एखादा पेव्हर ब्लॉक बोटभर वर आला की पाय अडकतोच. (आपल्या फुटपाथांवर आणखी काही लिहीत नाही.)

ठेच लागल्यावर मात्र शरीर जे करतं ते पाहण्यासारखं आहे. पाय नुकताच उचललेला असेल तर तो आणखी वर उचलून अडथळ्यापलीकडे टाकला जातो. पाऊल संपत आलं असताना अडकला तर उलट तो झटकन खाली टेकवला जातो आणि दुसऱ्या पायाने अडथळा ओलांडला जातो. ठेच तीच, उत्तर वेगळं. पाऊल कुठवर आलंय त्यावर ठरतं. पोटरी ताणली की ती आपोआप आकसते, हा साधा ताण-प्रतिक्षेप तर सेकंदाच्या विसाव्या भागात उमटतो. ‘अगं बाई’ तोंडातून निघतं त्याच्या किती तरी आधी पाय सावरलेला असतो.

बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. अशक्तपणा आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे अंगावर काढू नका. या एका प्रश्नाने माझ्याकडे किती तरी लोकांचा मधुमेह उघड झाला आहे.

तोल तीन ठिकाणच्या बातमीवर उभा असतो: डोळे, आतला कान, आणि तळवे, सांधे, स्नायू यांतून येणारी जाणीव. शेवटची सर्वांत मुकी आणि सर्वांत महत्त्वाची. डोळे मिटूनही आपल्याला पाय कुठे आहे, घोटा किती वाकलाय हे कळतं ना, ती ही. मधुमेहात लांबच्या नसा आधी मरतात, म्हणून सुरुवात पावलांपासून. बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं तरी असंच होतं. जाणीव गेली की माणूस नकळत डोळ्यांवर चालू लागतो. उजेडात सगळं ठीक. तोंडाला साबण लावला, अंधारात मोरीकडे निघाला, की झोक जातो.

एक मावशी आल्या होत्या, गुडघेदुखीसाठी. दारातून आत आल्या तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. जिन्यातच निसटली होती, त्यांना पत्ता नव्हता. मी गुडघा बाजूला ठेवला आणि घोट्याला १२८ हर्ट्‌झचा कंपनकाटा, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा काटा, लावला. ‘काय लागतंय का?’ ‘गार लागतंय.’ ‘थरथर?’ ‘कसली थरथर?’ मनगटाला लावला तर दचकल्या. रक्त तपासायला पाठवलं. साखर कधीपासून वाढली होती देव जाणे. अशा पायांनी आपल्या मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली तर तळवे भाजतात आणि घरी येऊन फोड दिसेपर्यंत कळत नाही.

घरी पाहायचं असेल तर कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना भिंत आणि समोर कुणीतरी उभं असताना पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. थोडं डुलणं सगळ्यांनाच होतं. पाऊल टाकावंच लागलं तर दाखवून घ्या.

आतल्या कानाची करामत याहून सोपी दिसते. मोबाईल डोळ्यांसमोर भराभर हलवून वाचून पाहा. अक्षरं पुसली जातात. आता मोबाईल स्थिर ठेवा आणि मान तेवढ्याच वेगाने हलवा, वाचता येतं. कान मानेची हालचाल मोजतो आणि डोळे तेवढेच उलट फिरवतो. चालताना डोकं सतत हलत असूनही दुकानाची पाटी वाचता येते ती यामुळे.

दारू प्यायलेला माणूस झोकांड्या का खातो?

लहान मेंदू आणि आतला कान, दोन्ही एकदम बिघडतात म्हणून. पाय फाकवून चालतो तो त्यावरचा त्याचा उपाय.

आजोबांना चालताना काही विचारलं की ते थांबतात आणि मग उत्तर देतात. वयच झालंय ना?

निरोगी चालीला मेंदूचं लक्ष फार थोडं लागतं, म्हणून आपण चालता चालता भांडूही शकतो. खालची यंत्रणा कमी पडू लागली की मेंदूला स्वतः चालवावं लागतं, आणि मग बोलायला जागा उरत नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये वृद्धांवर हेच पाहिलं: बोलायला लागताच जे थांबत, त्यांचं पुढच्या सहा महिन्यांत पडण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. तेव्हा आजोबांना चालताना मागून हाका मारू नका, आणि त्यांचे पाय, डोळे, गोळ्या तपासून घ्या. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनीही तोल जातो.

बाबांचे पाय दारातच चिकटतात. जिना मात्र सरसर चढतात. नाटक करतात का?

नाटक नाही, बहुधा कंपवात आहे. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रं सवयीच्या हालचाली सुरू करून देतात, आणि या आजारात त्यांना लागणारं डोपामिन हे रसायन कमी पडतं. आतून ‘निघ’ हा इशाराच मिळत नाही. अरुंद जागा, दार, वळण इथे पाय जमिनीला खिळतात.

पण बाहेरून इशारा मिळाला तर तो वेगळ्या वाटेने पोचतो. जिन्याची प्रत्येक पायरी हा इशारा आहे. म्हणून जमिनीवर आडव्या रेषा आखल्या की हीच माणसं पाऊल टाकतात. आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, ती उत्तम: प्रत्येक सांधा ओलांडायला सांगा. गुळगुळीत टाइल्स असतील तर उंबरठ्याजवळ रंगीत चिकटपट्टीच्या चार पट्ट्या लावा. तालाचाही उपयोग होतो. माझ्याकडचे एक माळकरी आजोबा मोबाईलमधल्या टिकटिकीवर हलेनात. मग मुलाने टाळ वाजवला आणि ते दारातून बाहेर पडले, तेही पावली धरून. ढकलायचं किंवा ओढायचं मात्र अजिबात नाही.

विड्या वळून उठलं की पाय बधिर होतो, पंजा लटकतो आणि चालताना टप टप वाजतो.

सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत, त्यामुळे हा प्रश्न इथे नेहमीचा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याला वळसा घालून जाणारी नस पंजा वर उचलणाऱ्या स्नायूंना चालवते, आणि तिथे तिच्यावर कातड्याशिवाय फारसं काही नसतं. मांडी घालून, पायावर पाय टाकून किंवा उकिडवं तासन्‌तास बसलं की ती दाबली जाते. वजन एकदम उतरलेल्यांना जास्त, कारण तिथली थोडीशी चरबीची गादीही जाते.

नस दबली की टाचेनंतर पंजा हळू सोडणारा तो दोरीवाला स्नायू झोपतो, म्हणून टप टप. पाय पुढे नेताना बोटं घासू नयेत म्हणून माणूस गुडघा उंच उचलतो, पाण्यातून चालल्यासारखा.

नुसत्या मुंग्या येऊन पाच मिनिटांत जात असतील तर बैठक बदला: दर अर्ध्या तासाने सूप खाली ठेवून उठायचं, दोन फेऱ्या मारायच्या. पंजा उचलताच येत नसेल तर मात्र थांबू नका. कमरेतली नस दबल्यानेही असं होतं, आणि कुष्ठरोगातही हीच नस धरली जाते. अंगावर बधिर चट्टा असेल तर लाजू नका, औषध आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

काठी कोणत्या हातात धरायची? दुखऱ्या बाजूलाच ना?

नाही. विरुद्ध हातात. दहातले नऊ जण चुकीच्या हातात धरून येतात, आणि सिनेमात तर हमखास चुकीच्या.

एका पायावर उभं राहिलं की शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूने, लांबून खाली ओढतं. ते तोलणारा कुल्ल्याचा स्नायू खुब्याच्या बाहेर, अगदी जवळ असतो. बिजागरीपाशी बोट लावून दार ढकलण्यासारखं आहे हे. जोर फार लागतो. म्हणून नुसतं चालताना खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. साठ किलोच्या बाईच्या खुब्यावर दीडशे किलोहून अधिक. विरुद्ध हातातली काठी म्हणजे दाराच्या कडीपाशी लावलेला हात. थोडासाच जोर लावला तरी स्नायूचं काम आणि सांध्यावरचा भार पुष्कळ उतरतो. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि काठी व उजवा पाय एकदम पुढे.

काठीची उंची: हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ.

चालताना हात का हलतात?

पाय पुढे जाताना धडाला पीळ बसतो. विरुद्ध हात तो पीळ काढतो. २००९ च्या एका प्रयोगात हात अंगाला धरून चालणाऱ्यांना सुमारे १२ टक्के जास्त ऊर्जा लागली. एकच हात हलायचा थांबला असेल तर मात्र लक्ष द्या. कंपवाताची ती फार लवकरची खूण असू शकते, हात थरथरायच्याही आधीची.

बाजारात मी नुसती भराभर चालते तरी मुलगा पळतच असतो. आगाऊ आहे की काय?

बिचाऱ्याला इलाज नाही. उलट्या लंबकाला वेगाची मर्यादा असते. फार जोरात गेलं तर कमानीच्या माथ्यावर शरीर जमिनीपासून सुटू पाहतं. ही मर्यादा पायाच्या लांबीवर आणि गुरुत्वाकर्षणावर ठरते. ९० सेंटिमीटर लांब पायांचा मोठा माणूस ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास आपोआप पळू लागतो. ५० सेंटिमीटर पायांच्या पोराची तीच वेळ ताशी साडेपाचच्या आसपास येते, आणि मधल्या मारुतीला दुकानं बंद व्हायच्या आत पोचणाऱ्या आईचा वेग तेवढाच असतो. चंद्रावर गुरुत्वाकर्षण सहापट कमी, म्हणून तिथे उतरलेले अंतराळवीर चालण्याऐवजी उड्या मारत गेले.

बाळ वर्षाचं झालं, अजून चालत नाही. चाकांचा वॉकर आणू का?

नको. नऊ महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत कधीही चाललं तरी चालतं. अठरा महिने उलटले तर बालरोगतज्ज्ञांकडे न्या. चाकांच्या गोल वॉकरमध्ये बाळ लटकलेलं असतं; तोल सांभाळायचं कामच त्याला उरत नाही, आणि जिन्यावरून गडगडण्याचा धोका वेगळा. कॅनडाने तर २००४ पासून त्यावर बंदीच घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा शहाणा. तो बाळ उभं राहून ढकलतं, वजन स्वतःच्याच पायांवर असतं. तरी नजर हवीच.

नवजात बाळाला काखेत धरून पाय टेकवले की ते पावलं टाकतं, हे आज्यांना ठाऊक असतं. दोनेक महिन्यांत ते थांबतं. आधी समजूत होती की मेंदू वाढतो आणि ती क्रिया दाबून टाकतो. १९८४ च्या सुमारास एस्थर थेलन या संशोधिकेने अशा बाळांचे पाय पाण्यात सोडले, आणि पावलं परत आली! मेंदूचा फारसा प्रश्नच नव्हता. पाय गुबगुबीत झाले होते आणि उचलायचं बळ अजून आलं नव्हतं. मेंदूच्या नावावर किती गोष्टी उगाच खपतात याचं मला हे फार आवडतं उदाहरण आहे.

लकवा मारला. पाय पुन्हा पहिल्यासारखा होईल का?

‘पहिल्यासारखा’ असं मी कुणालाच सांगत नाही. पण बरेच जण चालू लागतात. इजा वर मेंदूत असते. तालाची यंत्रणा खाली मज्जारज्जूत शाबूत असते. तिला जागं ठेवायचं तर पावलं टाकावी लागतात, आधार घेऊन का होईना, पुष्कळ आणि रोज. सुरुवातीला पाय कोयत्यासारखा बाहेरून अर्धगोल फिरतो, कारण गुडघा वाकत नाही आणि पंजा उचलत नाही. घोट्याला पट्टा लावला की बरंच सुधारतं. खाटेवर तेल चोळून घेतलं तर बरं वाटतं, चालणं येत नाही. आणि तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली तर मालिशवाल्याकडे न जाता तडक मोठ्या दवाखान्यात. पहिल्या साडेचार तासांत देता येणारं औषध असतं.

रोज दहा हजार पावलं चालायलाच पाहिजेत का?

तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये निघालेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला आहे. कंबर तलावाला आज एक फेरी होत असेल तर उद्या दोन करा. आकड्यासाठी रात्री अकरा वाजता हॉलमध्ये गोल गोल फिरणारे लोक मला माहीत आहेत.

बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवताना अडखळायला का होतं? बंद आहे हे दिसत असतं की.

डोळ्यांना दिसतं, लहान मेंदूला पटत नाही. असा जिना म्हणजे पुढे ओढणार, हे त्याने शिकून ठेवलेलं असतं, म्हणून पाऊल पडायच्या आतच तो धड पुढे झुकवतो. जिना ओढत नाही आणि आपण पुढे कोलमडतो. २००३ मध्ये प्रयोगशाळेत हे मुद्दाम घडवून पाहिलं गेलं. माहीत असणं आणि अंगवळणी पडणं यांची खाती वेगळी आहेत.

पहिल्यांदा येताना काय आणायचं?

जुने रिपोर्ट, चालू गोळ्या, आणि पायातली रोजची चप्पल, हीच झिजलेली. टाचेची बाहेरची कड थोडी जास्त झिजणं नेहमीचं. एकाच पायाचा पुढचा टोकाचा भाग घासलेला असेल तर तो पाय नीट उचलला जात नाही. आतली कड बसली असेल तर तळव्याची कमान खचते आहे. अंगठ्यापाशी खोल खळगा असेल तर चप्पल सुटू नये म्हणून बोटांनी धरून चालता आहात. लोक डॉक्टरांकडे जायचं म्हणून नवी कोरी चप्पल घालून येतात आणि माझी अर्धी तपासणी घरी विसरून येतात.